एकवीस सेकंद आणि पुढचा तासभर

साडेतीन मिनिटं म्हणजे २१० सेकंद. माइकसाठी हात पुढे करणारी माणसं दहाएक. भागाकार केला की एकेकाच्या वाट्याला २१ सेकंद येतात. ऑगस्ट २००१मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या नंबरावर गेलेलं सो सॉलिड क्रूचं ‘ट्वेंटी-वन सेकंड्स’ हे गाणं या भागाकारावर उभं आहे. नाव तेच, धृपदही तेच आणि मूळ अडचणही तीच. गाणं रेडिओवर वाजायचं तर आटोपशीर हवं, आणि दक्षिण लंडनच्या बॅटर्सीतल्या विन्स्टनली वसाहतीभोवती जमलेल्या या ताफ्यात तोंड चालवणारे तर ढीगभर. वगळायचं कोणाला? कोणालाच नको. वेळ वाटून घ्या.

त्या वाटणीतला एक वाटा ॲशर डी या नावाने रॅप करणाऱ्या पोराचा. खरं नाव ॲशली वॉल्टर्स, जन्म १९८२चा, गाव म्हणाल तर लंडनचं पेकम. गाणं गाजलं तेव्हा तो १९ वर्षांचा होता. त्यानंतर चोवीसेक वर्षांनी, मार्च २०२५मध्ये नेटफ्लिक्सवर ‘ॲडोलेसन्स’ आली. चार भागांची मालिका, आणि प्रत्येक भाग कॅमेरा एकदाही बंद न करता चित्रित केलेला. तिच्या पहिल्याच दृश्यात गाडीत बसून सफरचंद खाणारा, पोटाची कुरकुर सांगणारा पोलीस अधिकारी म्हणजे हाच ॲशली वॉल्टर्स. एका टोकाला २१ सेकंद, दुसऱ्या टोकाला सलग तासभर. त्याच्या कारकिर्दीकडे पाहताना डोळा या दोन मापांवरच जातो. वरवर ती विरुद्ध दिसतात, पण दोन्हीकडे कौशल्य एकच लागतं. आपली वेळ कधी सुरू होते आणि कुठे संपते हे अंगात भिनलेलं असावं लागतं.

आधी छोट्या मापाकडे बघू, कारण खरी मेख तिथे आहे.

त्या काळच्या लंडनी गॅरेज संगीताचा वेग मिनिटाला साधारण १३० ते १४० ठोके. चार ठोक्यांचा एक बार. वेग १३७ धरला तर १२ बारांचे ४८ ठोके जवळपास नेमके २१ सेकंदांत संपतात. आपल्या भाषेत सांगायचं तर त्रितालाची तीन आवर्तनं, मध्यलयीच्या वरच्या अंगाला. एवढ्या जागेत आपलं नाव सांगायचं, आपण कोण ते ठसवायचं, एखादी ओळ लोकांच्या तोंडी बसेल अशी टाकायची आणि पुढच्यासाठी जागा मोकळी करून बाजूला व्हायचं. एका बारमध्ये सुखाने मावतात ती दहा ते बारा अक्षरं, म्हणजे सगळं मिळून सव्वाशे-दीडशे. ज्ञानेश्वरीतल्या चार-पाच ओव्यांएवढा ऐवज. त्यात पसाऱ्याला जागा नाही.

लिहिताना नवखे चुकतात ते बहुधा श्वासात. कागदावर बाराही बार काठोकाठ भरले की वाचायला भारी वाटतं. पण या वेगात दोन बार म्हणजे साडेतीन सेकंद, आणि दर दोन बारांनी छातीला हवा लागतेच. यमक चौथ्या ठोक्यावर टाकायचं आणि पुढच्या बारचा पहिला ठोका येण्याआधीच्या फटीत श्वास चोरायचा, ही साधी रीत. ती फट लिहितानाच ठेवली नाही तर आठव्या-नवव्या बारला आवाज खालावतो आणि शेवटची ओळ, जिच्यासाठी सगळा खटाटोप असतो, तीच गिळली जाते. दुसरी चूक सुरुवातीची. आधीचा माणूस अर्धा बार जास्त बोलला की पुढच्याची सम हुकते. मग घाईने मधूनच शिरणारा सगळं कडवं घसरत नेतो. मुरलेला गडी एक बार चक्क सोडून देतो, एखादा हुंकार टाकतो आणि पुढच्या समेवर येतो. चार ठोके गमावले तरी चालतील, लय गमावता कामा नये.

ही शिस्त स्टुडिओत शिकवली जात नव्हती. ती चोरट्या रेडिओ केंद्रांवर अंगवळणी पडायची. सो सॉलिडचं घर म्हणजे डिलाइट एफएम. अशा केंद्रांची मांडणी साधारण ठरलेली असे. एखाद्या फ्लॅटच्या खोलीत दोन टर्नटेबल, मिक्सर, माइक. ट्रान्समीटर आणि अँटेना तिथे ठेवायची नाही, ती दूरच्या उंच सरकारी इमारतीच्या गच्चीवर. दोघांमध्ये सूक्ष्मलहरींचा दुवा. धाड पडली तर गच्चीवरचं यंत्र जप्त व्हायचं, खोली वाचायची. ऐकणाऱ्यांची दाद मोबाइलवरच्या मिस्ड कॉलने कळायची. फोन न उचलता लुकलुकताना दिसला की समजायचं, ओळ पोचली. फारच रंगलं तर डीजे रेकॉर्ड मागे खेचून गाणं पहिल्यापासून लावायचा. त्याला ते ‘रीलोड’ म्हणतात. संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला हे वेगळं सांगायला नको, आपला वन्समोअर तो हाच.

रेकॉर्डिंग नाही, दुसरी संधी नाही, चुकलं तर चुकलेलंच हवेत गेलं. माइक एक आणि उभे असलेले आठ. आपल्या कडव्याइतकंच महत्त्व दुसऱ्याचं कडवं ऐकण्याला, कारण त्याच्या शेवटच्या शब्दावरून आपला पहिला शब्द ठरतो. नाटकवाल्यांच्या भाषेत याला क्यू घेणं म्हणतात, आणि ज्याला तो घेता येत नाही त्याला पाठांतर कितीही असलं तरी नाटक जमत नाही.

आता एक गैरसमज. वॉल्टर्सबद्दल बोलताना लोक ‘रॅपरचा नट झाला’ असं सरसकट म्हणतात. त्याच्या बाबतीत क्रम उलटा आहे. तो लहानपणीच लंडनच्या सिल्व्हिया यंग थिएटर स्कूलमध्ये शिकला, जिथे नेहमीच्या अभ्यासाबरोबर नाच, गाणं, अभिनय शिकवतात. नव्वदच्या दशकात बीबीसीच्या ‘ग्रेंज हिल’ या शाळकरी मुलांच्या मालिकेत त्याने काम केलं. ही मालिका १९७८पासून चालत होती आणि ब्रिटनमधल्या कित्येक नटांची बालवाडी तीच. म्हणजे ॲशर डी जन्मण्याआधी ॲशली वॉल्टर्सला कॅमेऱ्यासमोर ठरलेल्या खुणेवर थांबता येत होतं. ॲशर डी हीच मुळात एक भूमिका होती असं म्हणण्याचा मोह होतो. तेवढं मात्र खरं नाही. त्या भूमिकेचे परिणाम त्याला खऱ्या आयुष्यात भोगावे लागले.

नोव्हेंबर २००१च्या सुमाराला लंडनच्या अस्टोरिया थिएटरमध्ये सो सॉलिडच्या कार्यक्रमाच्या रात्री गोळीबार झाला आणि त्यानंतर त्यांचा दौरा रद्द झाला. २००२मध्ये खुद्द वॉल्टर्सला भरलेली बंदूक बाळगल्याबद्दल १८ महिन्यांची शिक्षा झाली, तरुण गुन्हेगारांच्या तुरुंगात. जानेवारी २००३मध्ये, बर्मिंगहॅममध्ये दोन मुली गोळीबारात मारल्या गेल्यावर, सांस्कृतिक खात्याचे तेव्हाचे मंत्री किम हॉवेल्स यांनी सो सॉलिडचं नाव घेऊन त्यांच्यावर बंदुकीचं उदात्तीकरण केल्याचा ठपका ठेवला. गाण्यांवरचा संशय पुढे कागदावरही उतरला. लंडन पोलिसांचा ६९६ नंबरचा फॉर्म २००५पासून होता. त्यात सुरुवातीला आयोजकांना कार्यक्रमात कुठलं संगीत वाजणार आणि प्रेक्षक कुठल्या वंशाचे असतील हेसुद्धा विचारलं जाई. तो पुरता रद्द व्हायला २०१७ उजाडलं. वॉल्टर्सची शिक्षा ही त्याच्या स्वतःच्या कृत्याची होती, त्यात गाण्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण त्याच्यामुळे अख्ख्या संगीताला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं हा निव्वळ आळस होता.

सुटून आल्यावर त्याने केलेला सिनेमा म्हणजे सॉल डिब दिग्दर्शित ‘बुलेट बॉय’, २००४चा. पूर्व लंडनमधला रिकी तुरुंगातून सुटून घरी येतो, घरी आई आणि बारा वर्षांचा भाऊ. आणि वाटेतच मित्राच्या हातून कोणाच्या तरी गाडीचा बाजूचा आरसा फुटतो. बस, एवढंच. त्या आरशावरून सगळं पेटत जातं. नुकत्याच सुटलेल्या माणसाने नुकत्याच सुटलेल्या माणसाची भूमिका करणं यात जाहिरातीचा वास येऊ शकला असता. तो आला नाही, कारण वॉल्टर्सने त्या भूमिकेत ॲशर डीचं काहीही वापरलं नाही. रिकी कमी बोलतो, नजर खाली ठेवतो, बोललाच तर वाक्य अर्ध्यात सोडतो. या कामाने त्याला ब्रिटिश इंडिपेंडंट फिल्म अवॉर्ड्समध्ये होतकरू नवोदिताचा पुरस्कार मिळाला.

‘काहीही वापरलं नाही’ हे वाटतं तितकं सोपं नसतं. रॅपर कॅमेऱ्यासमोर आला की बहुधा काय बिघडतं? पहिली गोष्ट नजर. गाण्याच्या व्हिडिओत रॅपर थेट भिंगात बघतो, बघायलाच हवं, तिथे भिंग म्हणजे ऐकणारा. नाट्यचित्रणात भिंग अस्तित्वातच नसतं. वर्षानुवर्षांची ही सवय अशी की मान वळवताना डोळे नकळत भिंगाला शिवून जातात, आणि तेवढ्याने शॉट बाद. दुसरं, वाक्याचा शेवट. बारच्या चौथ्या ठोक्यावर जोर द्यायची सवय संवादातही उतरते, प्रत्येक वाक्य शेवटी हातोडा मारल्यासारखं पडतं आणि चार वाक्यांत माणूस बोलतोय असं न वाटता कडवं म्हणतोय असं वाटतं. तिसरं, हात. माइक नसला तरी एक हात छातीपाशी मुठीत राहतो आणि दुसरा ताल धरतो. चौथं सगळ्यात अवघड, शांतता. रेडिओवर मोकळी जागा म्हणजे पडलेली विकेट, ती भरायलाच हवी. पडद्यावर मोकळी जागा म्हणजेच बहुतेकदा दृश्य. शाळेतलं शिक्षण वॉल्टर्सच्या उपयोगी पडलं ते इथे. काय करायचं नाही हे त्याला आधीपासून ठाऊक होतं.

पुढची काही वर्षं त्याच्याकडे आलेल्या भूमिकांमध्ये गुन्हेगारीचा भरणा होता, हे सांगायची गरज नाही. २००५मध्ये जिम शेरिडनच्या ‘गेट रिच ऑर डाय ट्राइन’मध्ये तो दिसला, नंतर बीबीसीच्या ‘हसल’मध्ये. मधल्या काळात एकट्याचे अल्बमही झाले. ते मी इथे पटकन ओलांडतो, कारण त्यात ना जुनी धग आहे ना नव्याची चाहूल.

थांबायचं ते ‘टॉप बॉय’पाशी. रोनन बेनेटने लिहिलेली ही मालिका चॅनल फोरवर २०११मध्ये सलग चार रात्री दाखवली गेली. पूर्व लंडनच्या हॅकनीतली समरहाउस नावाची काल्पनिक वसाहत, अमली पदार्थांचा धंदा, आणि त्यात वर चढू पाहणारे दोन मित्र, डुशेन आणि सली. २०१३च्या दुसऱ्या पर्वानंतर चॅनलने ती बंद केली. कॅनडाच्या ड्रेक या रॅपरने त्यात रस घेतला आणि २०१९पासून नेटफ्लिक्सवर आणखी तीन पर्वं झाली, शेवटचं २०२३मध्ये. डुशेन म्हणजे वॉल्टर्स आणि सली म्हणजे केनो, लंडनच्याच ईस्ट हॅमचा ग्राइम एमसी, म्हणजे गॅरेजमधूनच पुढे निघालेल्या ग्राइम शैलीचा रॅपर, २००५च्या ‘होम स्वीट होम’ अल्बमवाला. पुढच्या पर्वांत डेव्ह आणि लिटल सिम्झही आले. नटांच्या यादीत इतके रॅपर, आणि मालिकेत कोणी रॅप करत नाही. हा निर्णय फार शहाणपणाचा होता.

डुशेन आणि सली एकत्र आले की दोन घडणी शेजारी दिसतात. केनोची सगळी घडण ग्राइममधली. त्याने आपली सवय मोडण्याऐवजी उलटी फिरवली. ग्राइमचा वेग १४०, सलीचा जवळपास शून्य. तो उभा राहतो, समोरच्याचं बोलणं पूर्ण होऊ देतो, आणि मग एक बार जास्तीचा थांबतो. त्या जास्तीच्या बारमध्ये समोरच्याचा घाम फुटतो. वॉल्टर्सचा डुशेन उलट सतत हिशोब करणारा. त्याच्या चेहऱ्यावर भागाकार चाललेला दिसतो. कोणाला किती द्यायचं, कोण किती घेईल. त्यांच्या दृश्यांत कोण कोणाचं वाक्य तोडतो हे एकदा नुसतं मोजत बघा. फार कमी वेळा. दोघांनाही माइक हातातून हातात द्यायची सवय आहे.

आणि मग ‘ॲडोलेसन्स’. जॅक थॉर्न आणि स्टीफन ग्रॅहम यांचं लेखन, फिलिप बॅरन्टिनीचं दिग्दर्शन, मॅथ्यू लुईसचं छायाचित्रण. तेरा वर्षांच्या जेमीला वर्गमैत्रिणीच्या खुनाच्या संशयावरून पहाटे घरातून उचलतात, तिथून सुरुवात. वॉल्टर्सचा इन्स्पेक्टर बॅस्कम पहिल्या दोन भागांत आहे.

एका टेकचा हा कारभार चालतो कसा ते समजून घेण्यासारखं आहे. प्रत्येक भागाला तीन आठवडे. पहिल्या आठवड्यात नट आणि दिग्दर्शक यांची तालीम, दुसऱ्यात कॅमेरा, ध्वनी, दिवे असा सगळा लवाजमा घेऊन तालीम, तिसऱ्यात चित्रण. दिवसाला दोन टेक, पाच दिवस, म्हणजे ठरलेल्या संधी दहा. एकेक भाग ५० ते ६५ मिनिटांचा. नेहमीच्या चित्रणात दिवसाकाठी कामाची पाच मिनिटं पदरात पडली तरी बरं म्हणतात. तिथे चुकलेलं वाक्य कापता येतं, दुसऱ्या कोनातून झाकता येतं. इथे चाळिसाव्या मिनिटाला कोणी अडखळला तर आधीची एकोणचाळीस मिनिटंही गेली. मराठी नटाला यात नवल वाटणार नाही, तिसरी घंटा झाली की तोही असाच निघतो. फरक इतकाच की रंगमंच जागेवर असतो आणि इथे रंगमंच चालत असतो.

त्या चालण्यात सगळी गोम आहे. घरातून गाडीत, गाडीतून पोलीस ठाण्यात, ठाण्याच्या बोळांतून खोलीत. घर आणि उभारलेलं ठाणं इतकं जवळ ठेवलं होतं की गाडीचा प्रवास खरोखरच्या वेळेत दाखवता यावा. बोळाची लांबी ठरलेली, संवादाची लांबीही ठरलेली. नट भरभर बोलला तर वाक्यं संपतात आणि बोळ उरतो. सावकाश बोलला तर दार येतं आणि अर्धं वाक्य घशात राहतं. पाऊल आणि अक्षर यांचा मेळ बसवावा लागतो. १२ बारांत सव्वाशे अक्षरं बसवण्याचंच हे लांबवलेलं रूप. कॅमेरा एका माणसाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातो, कधी खिडकीतून, आणि त्या क्षणी नटाने अर्धा सेकंद घाई केली तर देणाऱ्याची पकड सुटलेली आणि घेणाऱ्याची बसलेली नसते.

दुसरा भाग शाळेतला. तीनशेहून अधिक मुलं, घंटा, जिने, कवायतीचं मैदान. बॅस्कम चौकशी करत फिरतो आणि काहीच हाती लागत नाही, कारण मुलांची भाषा त्याला येत नाही. अखेर त्याच शाळेत शिकणारा त्याचा मुलगा ॲडम त्याला एका खोलीत नेऊन सांगतो, इन्स्टाग्रामवरच्या त्या रंगीत बदामांचा आणि बाकीच्या चिन्हांचा अर्थ तू लावलास तो नाही. हे दृश्य बारकाईने बघा. वॉल्टर्स जवळपास काही करत नाही. तो ऐकतो. आधी बाप म्हणून थोडासा वैतागलेला, मग पोलीस म्हणून सावध, आणि मग परत बाप, पण ओशाळलेला. या तिन्ही पायऱ्या तो फक्त कपाळावर आणि मानेच्या कलावर दाखवतो. मुलगा बोलताना चाचरतो, थांबतो. त्या थांबण्यात बाप शिरत नाही. त्या फटीत शिरायचं नाही हे कळायला वीस वर्षं माइकची वाट बघितलेली असावी लागते.

वॉल्टर्सने स्वतः सांगितलं आहे की हे काम आलं तेव्हा तो अभिनय सोडून दिग्दर्शनाकडे वळायचं ठरवून बसला होता. सप्टेंबर २०२५च्या एमी पुरस्कारांत सहायक अभिनेत्याच्या गटात त्याचं नामांकन होतं. पुरस्कार गेला जेमी झालेल्या ओवेन कूपरला, वय वर्षं १५.

पहिल्या भागाचा प्रसारित झालेला टेक दुसरा होता, म्हणजे चित्रणाच्या पहिल्याच दिवशीचा. दुसऱ्या भागाला तेरावा लागला. कारण शेवट. शाळेतून पळणाऱ्या एका पोराला बॅस्कम धावत गाठतो, ताब्यात देतो, धाप लागलेल्या अवस्थेतच आपल्या मुलाला, ॲडमला, गाडीत बसवतो आणि दोघं काहीतरी खायला म्हणून निघून जातात. कॅमेरा त्यांच्यामागे जात नाही. तो रस्त्यावरच्या एका मुलीबरोबर थोडा चालतो, तिथे कामगार तो चालता चालता ड्रोनला अडकवतात, आणि तो वर उचलला जातो. वारा जास्त असेल तर हे जमत नाही, आणि वाऱ्याची तालीम घेता येत नाही. खाली छपरं, रस्ते, शाळेचं आवार सरकत जातं, मुलांचा कोरस चालू असतो, आणि अर्धा किलोमीटरभर पुढे, खून झाला त्या जागी, ड्रोन उतरतो. कोणीतरी हात वर करून कॅमेरा सोडवून घेतो. समोर जेमीचा बाप फुलं ठेवायला आलेला असतो.